धसका : रणांगणावर खचलेले मन आणि त्याचे उपचार

लढाई थांबली की सैन्य आपल्या माणसांची मोजदाद करते. ठार किती, जखमी किती, बेपत्ता किती. अंगावर ओरखडाही नाही, पण हात थरथरतात, वाचा बसली आहे, झोपेतून किंचाळून उठतो, स्वतःचे नाव विचारले तर सांगता येत नाही, असा शिपाई यांतल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्याला जखमींत धरले तर इस्पितळ आणि पेन्शन मिळते, पळपुट्यांत धरले तर कोर्टमार्शल होते. युद्धातल्या मनोविकारांचा इतिहास बराचसा या वर्गवारीच्या भांडणाचा इतिहास आहे. ते भांडण डॉक्टरांच्या परिषदांत झाले, तसेच पेन्शनच्या कचेऱ्यांत आणि सेनापतींच्या तंबूंतही झाले.

विकार जुनाच आहे. इ.स.पू. ४९० मधल्या मॅरेथॉनच्या लढाईत एपिझेलस नावाचा अथेन्सचा सैनिक कोणतीही इजा न होता कायमचा आंधळा झाल्याचे हिरोडोटसने नोंदवले आहे. शत्रूकडचा एक धिप्पाड योद्धा त्याच्यासमोर आला, त्याला ओलांडून गेला आणि शेजारच्या माणसाला मारले, एवढेच एपिझेलसला आठवत होते. १६८८ मध्ये योहानस होफर या वैद्याने घराच्या ओढीने खंगणाऱ्या स्विस लोकांच्या दुखण्याला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिले. पुढे दीडएकशे वर्षे सैन्यातले डॉक्टर हे निदान अगदी गंभीरपणे लिहीत राहिले. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर, १८७१ मध्ये, जेकब मेंडिस दा कोस्टा यांनी छातीत दुखणे, धडधड आणि धाप या तक्रारी घेऊन आलेल्या सुमारे ३०० सैनिकांची पाहणी प्रसिद्ध केली आणि त्यांच्या हृदयाला ‘चिडके’ ठरवले. प्रत्येक काळाने दुखणे आपल्याला परवडेल अशा जागी नेऊन ठेवले, कधी घराच्या आठवणीत तर कधी काळजात.

या नामावळीत नाशिकजवळच्या देवळालीचाही वाटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे ब्रिटिश फौजेची छावणी होती. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे सोल्जर मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत तेथे थांबत. फौजी बोटी साधारण हिवाळ्यातच सुटत, त्यामुळे ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपे त्याला कित्येक महिने काढावे लागत. काम नाही, लढाई नाही, वर डोक्यावर ऊन आणि हाताशी दारू. माणसे विचित्र वागू लागत. त्याला सोल्जरांच्या बोलीत ‘डूलाली टॅप’ म्हणत. ‘डूलाली’ म्हणजे देवळाली आणि ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. शेपूट गळून ‘डूलाली’ हा शब्द इंग्रजीत आजही भ्रमिष्ट या अर्थाने चालतो. शब्द थट्टेचा असला तरी त्यात एक निरीक्षण दडले आहे. मन खचायला तोफाच लागतात असे नाही, अडकून पडणेही पुरते. आज त्याच देवळालीत भारतीय तोफखान्याचे विद्यालय आहे.

तोफांचा प्रश्न खऱ्या अर्थाने आला तो १९१४ मध्ये. खंदकात बसलेल्या माणसाला तासन्‌तास गोळे सोसायचे होते आणि त्याला पळता किंवा उलट मारता येत नव्हते. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या मानसशास्त्रज्ञाने ‘लॅन्सेट’मध्ये तीन रुग्णांची हकिगत छापली. तिघांची दृष्टी, वास आणि चव मंदावली होती आणि स्मृतीला भगदाडे पडली होती. लेखाच्या मथळ्यात ‘शेल शॉक’ हा शब्द होता. शिपायांच्या तोंडी तो आधीपासून असावा, पण छापून आल्यावर तो वणव्यासारखा पसरला. सुरुवातीचा तर्क सरळ होता. गोळा फुटल्याच्या दणक्याने मेंदूला इजा होते, म्हणून माणूस असा होतो. फ्रेडरिक मॉट यांनी मृतांचे मेंदू तपासून त्यांत बारीक रक्तस्राव दाखवलेही. पण लवकरच गोळ्याच्या जवळपासही नसलेले शिपाई हीच लक्षणे घेऊन येऊ लागले, आणि आपण लोकप्रिय केलेला शब्द चुकीचा असल्याचे मायर्स स्वतःच सांगू लागले.

ब्रिटिश सैन्याने यावर काढलेली तोड कारकुनी थाटाची होती. गोळा खरोखर जवळ फुटला असेल तर ‘जखमी’, नाहीतर ‘आजारी’. पहिल्याला जखमेची फीत आणि पेन्शनचा हक्क होता, दुसऱ्याला यांतले काहीच नव्हते. कोण कशात बसतो हे ठरवण्यासाठी पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरकडे कागद जाई. तो परत येईपर्यंत रुग्णाच्या निदानाच्या जागी ‘अद्याप निदान नाही, चेतासंस्थेचा’ एवढेच लिहिलेले असे. १९१७ मध्ये सैन्याने शेल शॉक हा शब्द वापरायलाच मनाई केली. युद्ध संपेपर्यंत एकट्या ब्रिटिश सैन्यात अशा सुमारे ८०,००० रुग्णांची नोंद झाली होती.

उपचारांत हुद्दा दिसत असे. एडिंबरोजवळचे क्रेगलॉकहार्ट हे अधिकाऱ्यांसाठीचे इस्पितळ होते. तेथले डॉक्टर डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स मानववंशशास्त्रज्ञही होते. निलगिरीतल्या तोडा जमातीवरचा त्यांचा १९०६ चा ग्रंथ भारतीय अभ्यासकांना परिचित आहे. रुग्णाने भयानक आठवणी दाबून टाकाव्यात आणि दुसऱ्या कशात मन रमवावे, हा तेव्हाचा रूढ सल्ला होता. रिव्हर्स यांचा अनुभव असा, की दाबलेली आठवण रात्री दामदुपटीने वसुली करते. म्हणून ते रुग्णाला बोलते करत आणि त्या आठवणीत सहन करता येईल असा एखादा धागा शोधायला मदत करत. युद्धाविरुद्ध जाहीर निवेदन काढल्याबद्दल सीगफ्रीड ससून या कवीला कोर्टमार्शलऐवजी येथे धाडण्यात आले होते. तो आणि दुसरा कवी विल्फ्रेड ओवेन, दोघेही येथून बरे होऊन पुन्हा आघाडीवर गेले. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाच्या आठवडाभर आधी, मारला गेला. वैद्यकीय हिशेबात हे दोघे उपचार यशस्वी झालेले रुग्ण होत.

साध्या शिपायाच्या वाट्याला बहुधा दुसरीच पद्धत येई. लंडनच्या क्वीन स्क्वेअर इस्पितळातल्या लुईस येलंड यांनी १९१८ च्या आपल्या पुस्तकात तिचे वर्णन मोकळेपणाने केले आहे. २४ वर्षांचा एक शिपाई नऊ महिने मुका होता. त्याला अंधाऱ्या खोलीत नेले आणि दार बंद केले. बोलल्याशिवाय या खोलीतून बाहेर पडता येणार नाही असे बजावून घशाला विजेचा प्रवाह लावायला सुरुवात केली. त्याने दाराकडे धाव घेतली तर पुन्हा प्रवाह. चार तासांनी तो बोलला. जर्मनीत फ्रिट्झ काउफमान यांच्या नावाने ओळखली जाणारी अशीच रीत होती, तिच्यात काही रुग्ण दगावलेही. त्याच जर्मनीत माक्स नोने संमोहनाने तोच परिणाम साधत होते. या पद्धतींनी वाचा परत येई, यात शंका नाही. पण त्यांना उपचार म्हणायचे की कबुलीजबाब घेणे, हा प्रश्न येलंड यांचे पान वाचताना आजही पडतो.

ज्यांचे खचणे डॉक्टरऐवजी कोर्टमार्शलसमोर गेले त्यांचे काय झाले, ते हॅरी फार या ब्रिटिश शिपायाच्या प्रकरणात दिसते. १९१५ मध्ये शेल शॉकसाठी तो पाच महिने इस्पितळात होता. सप्टेंबर १९१६ मध्ये त्याने पुढे जायला नकार दिला. काही मिनिटांत आटोपलेल्या कोर्टमार्शलात त्याच्या बाजूने बोलायला वकील नव्हता. १८ ऑक्टोबर रोजी पहाटे त्याला गोळ्या घातल्या. पळून जाणे, भ्याडपणा अशा गुन्ह्यांसाठी ब्रिटिश आणि साम्राज्याच्या सैन्याने मारलेल्या ३०६ जणांना २००६ मध्ये मरणोत्तर माफी मिळाली.

शेल शॉकवरच्या भारंभार इंग्रजी लिखाणात हिंदी शिपाई जवळजवळ दिसत नाही. १९१४ च्या शरद ऋतूत फ्रान्सला पोचलेल्या हिंदी पलटणींबद्दल अधिकाऱ्यांना वेगळाच संशय होता. हाताला जखमा फार दिसतात, म्हणजे शिपाई आपल्याच हाताने गोळी मारून घेत असावेत. ब्रायटनच्या किचनर इस्पितळाचे प्रमुख ब्रूस सीटन यांनी हजार जखमा तपासल्या. संशयाला आधार सापडला नाही. मनाचा थांग मात्र वेगळ्याच खात्याला लागत होता. हिंदी शिपायांची पत्रे उघडून वाचणाऱ्या सेन्सॉर विभागाचे प्रमुख हॉवेल यांनी १९१५ च्या सुरुवातीला नोंदवले, की पत्रांत कविता वाढू लागल्या आहेत आणि मन अस्वस्थ असल्याचे हे लक्षण काळजीचे वाटते. मुलुख सोडून आलेल्या माणसाच्या मनाचे इतके नेमके निदान त्या काळच्या वैद्यकीय अहवालांत क्वचितच सापडेल.

पहिल्या महायुद्धातून एक टिकाऊ धडा निघाला. आधी फ्रेंचांनी, मग ब्रिटिशांनी आणि १९१७–१८ मध्ये टॉमस सॅमन यांच्या पुढाकाराने अमेरिकनांनी पाहिले, की खचलेल्या शिपायाला मागे, समुद्रापार पाठवले की तो सहसा बरा होत नाही. आघाडीपासून थोड्या अंतरावर, तोफांचा आवाज ऐकू येईल अशा ठिकाणी, लगेच आणि ‘दोन-चार दिवसांत तू आपल्या लोकांत परत जाणार’ या भाषेत उपचार केला तर पुष्कळजण सावरतात. उपचार म्हणजे तरी काय, तर गरम जेवण, अंघोळ, कोरडे कपडे, भरपूर झोप आणि कुणीतरी ऐकून घेणे. यामागचे तर्कशास्त्र सोपे आहे. दूरच्या इस्पितळात शिपायाचे लक्षण हेच त्याचे घरी जायचे तिकीट होते, आणि ते हातातून सुटू नये म्हणून त्याचे शरीर नकळत ते घट्ट धरून ठेवते. त्यातच सोबत्यांना टाकून आल्याची टोचणी असते, ती वेगळी. आघाडीजवळ राहिला तर तो अजून पलटणीचा माणूस असतो.

शांतता आली आणि धडा कपाटात गेला. १९२१ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे ६५,००० माजी सैनिक चेतादौर्बल्याची पेन्शन घेत होते. १९२२ मध्ये साउथबरो समितीचा अहवाल आला. कडक शिस्त आणि चांगले प्रशिक्षण असलेल्या पलटणीत हा विकार फारसा होत नाही, असा त्याचा रोख होता. जर्मनीत १९२६ मध्ये अशा विकारासाठी भरपाईच नाकारण्यात आली. पैसे मिळतात म्हणून माणूस आजारी राहतो, हा तर्क दोन्हीकडच्या तिजोऱ्यांना सोयीचा होता.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने निराळा मार्ग धरला. कमकुवत मनाचे लोक भरतीतच गाळायचे. मानसिक कारणांवरून १५ लाखांहून अधिक तरुण नाकारले गेले, तेही बहुतेकदा काही मिनिटांच्या मुलाखतीवर. तरीही खचणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या युद्धापेक्षा जास्त निघाले. चाळणीचा सिद्धान्त कोसळला. ट्युनिशियात फ्रेडरिक हॅन्सन यांनी सॅमनचीच रीत धुंडाळून काढली आणि एप्रिल १९४३ मध्ये जनरल ब्रॅडली यांनी हुकूम काढला, की अशा प्रत्येक शिपायाच्या कागदावर प्रथम फक्त ‘थकवा’ लिहायचे. हा एक शब्द बदलल्याने बरेच काही हलले. थकलेला माणूस झोपून उठला की परत जातो, वेड्याला परत बोलावण्याची कल्पनाच कोणी करत नाही. झोप आणायला सोडियम ॲमिटालच्या निळ्या गोळ्या देत. जर्मनांच्या ८८ मिलिमीटर तोफेवरून शिपाई त्यांना ‘ब्लू एटी-एट’ म्हणत, कारण दोन्हींनी माणूस सारखाच आडवा होई.

हुकूम निघून चार महिनेही झाले नव्हते, तोच सिसिलीत जनरल पॅटन यांनी दोन वेगवेगळ्या इस्पितळांत अशा दोन शिपायांना थोबाडीत मारली. त्यांतल्या एकाला मलेरिया आणि जुलाब असल्याचे नंतर निघाले. ब्रिटिश हवाई दलात विमान उडवायला नकार देणाऱ्याच्या कागदावर ‘नैतिक धैर्याचा अभाव’ असा शिक्का बसे. जर्मन सैन्याने तर हा प्रश्नच ठेवला नाही. पहिल्या महायुद्धात ४८ जणांना मृत्युदंड देणाऱ्या त्या देशाने दुसऱ्यात १५,००० हून अधिक सैनिकांना मारले.

युद्ध संपता संपता जॉन ॲपेल आणि गिल्बर्ट बीब यांनी अमेरिकन पायदळाचे आकडे मांडले, तेव्हाच जुना वाद निकालात निघायला हवा होता. त्यांचा निष्कर्ष असा, की लढणारा जवळजवळ प्रत्येक माणूस केव्हातरी खचतोच. प्रत्यक्ष लढाईचे २०० ते २४० दिवस ही सरासरी मर्यादा. त्यात शूर आणि भित्रा असा भेद नाही, कोण किती दिवस टिकला एवढाच फरक. याच सुमाराच्या अभ्यासांतून दुसरी गोष्ट पुढे आली. शिपाई टिकतो तो देशाच्या किंवा ध्येयाच्या नावाने कमी आणि शेजारच्या चार-सहा सोबत्यांच्या आधाराने जास्त. बदली म्हणून एकेकटा अनोळखी तुकडीत टाकलेला माणूस लवकर मोडतो. जॉन ह्यूस्टन यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लष्करी इस्पितळातल्या अशा रुग्णांवर माहितीपट केला, तो अमेरिकन सैन्याने १९८० पर्यंत दडपून ठेवला. बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड इस्पितळात बायॉन आणि फूक्स या डॉक्टरांनी रुग्णांचे गट करून उपचार केले. आज नागरी इस्पितळांत सर्वत्र चालणाऱ्या समूहोपचाराचे एक मूळ तेथे आहे.

कोरियाच्या युद्धात अमेरिकन सैन्याने आघाडीजवळचे उपचार लवकरच सुरू केले आणि ठरावीक मुदतीनंतर माणूस परत बोलावला जाई. व्हिएतनाममध्ये मुदत एक वर्षाची केली. मानसिक रुग्ण इतके कमी निघाले, की लष्करी डॉक्टरांनी प्रश्न सुटल्याचे जाहीर करत आणले. खरा हिशेब पुढे, घरी परतल्यावर आला. शिपाई एकेकटा गेला होता, एकेकटाच विमानाने परतला. दोन दिवसांपूर्वी जंगलात असलेला माणूस आईच्या स्वयंपाकघरात उभा होता. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये माजी सैनिक स्वतःच जमून बोलू लागले. रॉबर्ट लिफ्टन आणि चैम शटन हे मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्यात जाऊन बसू लागले. त्या दडपणातून १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार सूचीत ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’, म्हणजे पीटीएसडी, हे निदान आले. दोषाची दिशा येथे उलटली. आजवर माणसाच्या जडणघडणीत शोधले जाणारे कारण आता घटनेत शोधले जाऊ लागले. १९८८ च्या राष्ट्रीय पाहणीने व्हिएतनामला गेलेल्या पुरुषांत आयुष्यात केव्हातरी पीटीएसडी झालेल्यांचे प्रमाण ३०.९ टक्के सांगितले. २००६ मध्ये लष्करी नोंदींशी ताडून केलेल्या फेरमांडणीत ते १८.७ टक्क्यांवर आले. दोन्ही आकडे राजकीय वादात शस्त्रासारखे वापरले गेले.

आघाडीजवळच्या उपचारांचा पुरावा सर्वांत काटेकोरपणे तपासला गेला तो इस्रायलमध्ये. १९७३ च्या युद्धात तेथील सैन्य गाफील होते आणि रुग्ण मागे पाठवले गेले. १९८२ च्या लेबनॉन युद्धातल्या रुग्णांचा झहावा सॉलोमन यांनी वीस वर्षे पाठपुरावा केला. आघाडीजवळ उपचार मिळालेल्यांची पुढची स्थिती इतरांपेक्षा बरी आढळली. हा महत्त्वाचा दाखला आहे, कारण त्याआधीच्या बहुतेक अहवालांत यश म्हणजे ‘किती टक्के कामावर परतले’ एवढेच मोजलेले होते. परतलेला माणूस पुन्हा कोसळला का, मारला गेला का, दहा वर्षांनी झोपू शकतो का, हे कोणी विचारत नसे. लष्करी डॉक्टर रुग्णाचा आणि सैन्याचा असा दोघांचा नोकर असतो, आणि आकडे सहसा दुसऱ्या धन्यासाठी काढले जातात.

आजच्या उपचारांत सर्वांत भक्कम पुरावा बोलण्याच्या उपचारांना आहे. एडना फोआ यांच्या पद्धतीत रुग्ण डोळे मिटून ती घटना वर्तमानकाळात सांगतो. ‘आता गाडी पुलावर चढते आहे’ अशी. त्याचे ध्वनिमुद्रण होते आणि ते त्याने घरी रोज ऐकायचे असते. भीती वाढते, टोकाला जाते आणि पुन्हापुन्हा ऐकल्यावर ओसरते. पॅट्रिशिया रेसिक यांच्या पद्धतीत ‘माझ्यामुळेच तो मेला’ यांसारख्या समजुती लिहून तपासल्या जातात. औषधांपैकी सर्ट्रालीन आणि पॅरॉक्सेटीन ही अधिकृत मान्यता मिळालेली. मात्र २०१५ मध्ये सैनिकांवरच्या चाचण्यांचा जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात उपचारांनंतरही सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत निदान कायम होते. घटनेनंतर लगेच सर्वांना बसवून एकदाच बोलते करण्याची पद्धत मध्यंतरी फार लोकप्रिय झाली होती. तिने पीटीएसडी टळत नाही हे आता स्पष्ट आहे. भीतीपेक्षा अपराधभाव हा गाभा असलेल्या दुखण्याला, आपण केलेल्या किंवा डोळ्यांदेखत होऊ दिलेल्या कृत्यांच्या टोचणीला, जोनाथन शे यांच्या लिखाणापासून ‘नैतिक इजा’ म्हणतात. तिच्यावर गोळी नाही. आणि २०१६ मध्ये स्फोटांना सामोऱ्या गेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मेंदूंत डॅनियल पर्ल यांना विशिष्ट प्रकारचे व्रण सापडल्याने दणक्याने मेंदूला इजा होते हा मॉट यांचा शंभर वर्षांपूर्वीचा तर्क पुन्हा टेबलावर आला आहे.

उपचार असणे आणि रुग्ण तेथवर पोचणे यांत अंतर आहे. इराक-अफगाणिस्तानहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या २००४ च्या पाहणीत त्रास असलेल्यांपैकी मदत मागणारे २३ ते ४० टक्केच निघाले. दुबळे ठरू, वरिष्ठांचा विश्वास जाईल, ही कारणे त्यांनी सांगितली. भारतीय सैन्यात या भीतीला कागदी आधारही आहे. जवानाची वैद्यकीय प्रतवारी ‘शेप’ या इंग्रजी आद्याक्षरांनी होते आणि त्यातले पहिलेच अक्षर, ‘एस’, मानसिक स्थितीचे. ते घसरले की बढती आणि नेमणुका अडतात. त्यामुळे डोकेदुखी, पित्त, झोप नाही अशा तक्रारींच्या आडून मनाचे दुखणे सांगितले जाते. सियाचीनमधला एकांत आणि शत्रू कोण हे कळू न देणारी काश्मीर-ईशान्येतली तैनाती येथल्या ताणाची जात वेगळी करतात. बांधावरचा वाद, थकलेले कर्ज, घरातले आजारपण हेही रजेच्या अर्जातून आणि आता मोबाइलवरून चौकीपर्यंत पोचते. सातारा-कोल्हापूरकडच्या फौजी गावांत निवृत्त होऊन आलेल्या माणसाच्या अबोल्याला किंवा दारूला ‘मिलिटरीवाल्याचा स्वभाव’ म्हणून सोडून देण्याची रीत आहे. मराठीत ‘धसका घेणे’ आणि ‘हाय खाणे’ असे नेमके शब्दप्रयोग असताना ते या माणसांसाठी वापरले जात नाहीत.

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ पासून सैन्यदलांतील व्यक्ती आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘टेली मानस’ या सरकारी दूरध्वनी सेवेचा खास कक्ष सुरू करण्यात आला. टेली मानसचा देशभरचा क्रमांक १४४१६ असा आहे. तो चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते आणि फोन करायला कुणाच्या सहीची गरज नाही.